तेव्हा घडले, मग आता का नाही?



आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात मी एकदा पृथ्वीच्या जन्माविषयी बोलत होतो. बोलणे संपताच एक फिटर उठून म्हणाला, "भाऊ, आधी सारे निर्जीव होते आणि त्यातूनच जीव आला म्हणता. मग आता का येत नाही? निसर्ग आपली कारागिरी विसरला काय?" सारे हसले. मला मात्र उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने मला पुष्कळ वाचायला लावले. आज मी आपल्यापुढे उभा आहे तो विद्वान म्हणून नव्हे. त्या फिटरचे देणे फेडावे, एवढाच हेतू आहे.

त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. खुद्द लुई पाश्चर त्याच्या बाजूला आहे. १८६०च्या सुमारास पाश्चरने लांब, वाकड्या मानेच्या काचपात्रांत सहज नासणारा काढा उकळून ठेवला. त्या मानेतून हवा आत जाई, पण धूळ वाकणात अडके. काढा नासला नाही. मान मोडताच धुळीतले जंतू आत गेले आणि तो नासला. जीव जीवापासूनच येतो, हे सिद्ध झाले. मग पहिला जीव कोणापासून आला?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाश्चरची पात्रे आजच्या पृथ्वीवर ठेवलेली होती. आरंभीची पृथ्वी अगदी निराळी होती. तिचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. प्रथम ती वितळलेल्या खडकाचा गोळा होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात झिरकॉनचे सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्म स्फटिक सापडले आहेत. त्या काळीही पृथ्वीवर पाणी असावे, असे त्यांवरून दिसते. पण हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता. म्हणून ओझोनचे छत्रही नव्हते आणि सूर्याचे अतिनील किरण थेट खाली येत. ज्वालामुखी वायू ओकत होते, विजा कडाडत होत्या.

अशा परिस्थितीत साध्या वायूंपासून जीवाला लागणारे पदार्थ बनू शकतील, हा विचार रशियात ओपारिनने १९२४ साली आणि इंग्लंडात हाल्डेनने १९२९ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडला. हाच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारला.

विचार झाला, हाताने करून कोणी पाहायचे? ते काम शिकागो विद्यापीठातील स्टॅन्ली मिलर या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केले. काचेच्या बंद उपकरणात त्याने पाणी उकळत ठेवले, वर मिथेन, अमोनिया व हायड्रोजन भरले आणि विजेच्या ठिणग्या पाडल्या. आठवडाभरात पाणी रंगले आणि त्यात ग्लायसिनसारखी अमिनो आम्ले सापडली. आपल्या शरीरातील प्रथिने अशाच आम्लांची बनतात. हा निबंध मे १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे गुरू हॅरोल्ड युरे नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते. पण श्रेय विद्यार्थ्याला मिळावे म्हणून त्यांनी निबंधावर आपले नाव घातले नाही. आम्हा युनियनवाल्यांना ही गोष्ट विसरता येत नाही!

तथापि, मिलरने जीव तयार केला असे कोणी समजू नये. विटा तयार झाल्या, घर नव्हे. शिवाय त्या काळच्या हवेत मिथेन व अमोनिया इतके नसून कार्बन डायऑक्साइड आणि नत्रवायू अधिक असावेत, असे मत पुढे बळावले. मग प्रयोग वाया गेला काय? नाही. मिलरने आपल्या कुप्या जपून ठेवल्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर, २००८ साली, ज्वालामुखीच्या वाफेची नक्कल करणाऱ्या त्याच्या उपकरणातील जुने नमुने नव्या साधनांनी तपासले, तेव्हा बावीस अमिनो आम्ले आढळली. विटांपासून घर कसे उभे राहिले, याचा शोध अजून चालूच आहे. कोणी समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांकडे पाहतो, कोणी किनाऱ्यावरील डबक्यांकडे.

आता फिटरच्या प्रश्नाकडे येऊ. आज ते का घडत नाही? एक कारण डार्विनने १८७१ सालीच एका पत्रात ओळखले होते: असा पदार्थ आज कोठे तयार झालाच, तर हजर असलेले जीव तो तत्काळ खाऊन टाकतील. दुसरे कारण प्राणवायू. असे नाजूक पदार्थ तो साठू देत नाही. आणि हा प्राणवायू आणला कोणी? जीवांनीच! उन्हाच्या बळावर पाणी फोडून अन्न करणाऱ्या सूक्ष्म जंतूंनी तो बाहेर टाकला. समुद्रात विरघळलेले लोह त्याने गंजून थराथरांनी तळाशी बसले. जगातील लोहखनिजाचा मोठा भाग अशा पट्टेदार खडकांतून येतो; गोव्याच्या खनिजाचे मूळही त्यांतच आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू हवेतही साठू लागला. ज्या दाराने जीव आत आला, ते दार त्याने स्वतःच आपल्यामागे लावून घेतले.

म्हणजे पाश्चर खरा आणि ओपारिनही खरा. निसर्ग कारागिरी विसरला नाही. कारखानाच बदलला, आणि तो बदलला त्यात काम करणाऱ्यांनी. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनी, कोट्यवधी वर्षे, साऱ्या पृथ्वीची हवा पालटली. "पूर्वीपासून हे असेच आहे, असेच राहणार," हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे कारखान्यांच्या दारांत ऐकत आलो आहे. ते या पृथ्वीच्या बाबतीतही खरे नाही, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.