धान्य घराला, कडबा गोठ्याला



मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी डुलते, ती केवळ मनुष्याच्या उदरभरणासाठी नव्हे. कणीस घराचे आणि धाट गोठ्याचे, ही वाटणी शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या धर्म मानून पाळली. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. दाणा वाढला, हे कोणीही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र धाट आखूड झाले. धान्याची पोती मोजणाऱ्यांनी कडब्याच्या पेंढ्या मोजल्याच नाहीत! वैरण सरली की गोधन दावणीवरून बाजाराकडे जाते. तेथून पुढे कोठे, हे या सभेस सांगावयास नको. २०१२-१३ च्या दुष्काळात छावण्यांतून जनावरांपुढे ऊस टाकावा लागला.

या प्रश्नाचे एक उत्तर फलटणला शोधले गेले. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली तेथे स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड धाटाच्या ज्वारीवर दीर्घकाळ काम केले. अमेरिकेतील गोड ज्वारीचा देशी ज्वारीशी संकर करून ‘मधुरा’ सिद्ध झाली. परदेशी बीज आपल्या मातीच्या गरजेनुसार घडविणे, यालाच स्वदेशी म्हणावयाचे. राहुरीच्या कृषी विद्यापीठानेही असे वाण दिले आहेत.

ऊस वर्षभर पाणी पितो. ही ज्वारी सुमारे चार महिन्यांत कापणीस येते. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की कणीस खुडावे. तेव्हाही पाने हिरवी असतात आणि धाटात रस असतो. तो गाळला तर काकवीसारखा पाक होतो. गूळ मात्र नीट बसत नाही, कारण त्यात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते. शिवाय रस लवकर आंबतो. चरक गावातच हवा, दूरच्या कारखान्याच्या भरवशावर हे पीक घेऊ नये. उरलेले चिपाड जनावरे खातात. रस न काढता धाटाची कुट्टी करून घातली, तर दुभत्या गाईला त्याहून उत्तम.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत, आणि कापलेल्या खोडाला फुटलेल्या कोंबांत, प्रुसिक आम्ल हे विष असते. अशा रानात भुकेली गाय सोडू नये. पीक फुलोऱ्यात येऊ द्यावे, कापून उन्हात नीट वाळवावे आणि मगच गव्हाणीत टाकावे.