जाळे किनाऱ्याला लागण्याआधी

मत्तयाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात येशूने स्वर्गाच्या राज्याला दिलेली जाळ्याची उपमा खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात फारसे विवरण मागत नाही. समुद्रात टाकलेल्या जाळ्यात सर्व जातींची मासळी शिरते, जाळे भरले की ते किनाऱ्याला ओढतात, आणि मग बसून चांगली मासळी भांड्यांत भरतात व वाईट टाकून देतात. युगाच्या अंती असेच घडेल, असे तेथे सांगितले आहे. भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून लावलेल्या डोल जाळ्यात बोंबील, मांदेली, जवळा आणि कचरा एकदमच येतो व निवडीचे काम नंतरचे असते, हे ज्यांच्या रोजच्या सवयीचे आहे त्यांना निवाडा होणार, पण आज पाण्यात नाही, हा दाखल्याचा पहिला अर्थ चटकन कळतो. मासळीची निवड मासळी करीत नाही, हा दुसरा अर्थ मात्र सहज निसटतो. केवळ शुद्धांचीच मंडळी असावी असा आग्रह धरणाऱ्या डोनाटपंथीयांना उत्तर देताना उत्तर आफ्रिकेचे धर्माचार्य संत ऑगस्टीन यांनी नेमका याच अर्थावर भर दिला होता.

उपमा येथवरच चालते, कारण जाळ्यातला मासा आहे तसाच किनाऱ्याला लागतो, तर माणसाला मधल्या काळात बदलता येते, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्रात ज्याला देवाशी समेट म्हणतात तो याच मधल्या काळाचा विषय आहे. समेट म्हणजे पापामुळे तुटलेला संबंध पुन्हा जुळणे. परंतु रुसलेल्या देवाला माणसाने काही देऊन प्रसन्न करून घ्यावे, असा त्याचा अर्थ नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल हा क्रम उलटा लावतो: देवानेच ख्रिस्ताच्या द्वारे जगाशी समेट केला आहे आणि माणसाने तो स्वीकारायचा आहे. वांद्र्याच्या टेकडीवरील मोत माउलीच्या सप्टेंबरमधील जत्रेत हात, पाय, घर अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू वाहायला ख्रिस्ती आणि हिंदू कोळी दोघेही जातात. त्या वस्तूंत प्रार्थना असते, कृतज्ञता असते, पण चर्चच्या शिकवणुकीनुसार ती समेटाची किंमत नसते. नवसाची भाषा ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्यांना हा फरक पेलायला जड जातो, आणि त्याबद्दल त्यांना हसण्याचे कारण नाही.

कॅथलिक शिकवणुकीत न्याय दोन वेळा होतो. मृत्यूनंतर लगेच प्रत्येकाचा होणारा तो वैयक्तिक न्याय, आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या वेळी सर्वांसमक्ष होणारा तो अंतिम न्याय. समेटाचा नेहमीचा मार्ग पापनिवेदनाचा आहे: पश्चात्ताप, धर्मगुरूसमोर कबुली, पापमुक्तीचे वचन आणि सांगितलेले प्रायश्चित्त. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, हा नियम 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. प्रोटेस्टंट पंथांनी कबुलीची ही संस्थात्मक चौकट सैल केली व केवळ विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो यावर जोर दिला. तरी पश्चात्तापाची गरज त्यांनीही सोडली नाही.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा जगाच्या दृष्टीने त्यांचे धर्मांतर पूर्ण झाले होते. परंतु आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र आपल्याला लाभला नव्हता, असे त्यांनी पुढे 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत सांगितले. स्वतःच्या पापाची जाणीव आणि क्षमेची खात्री त्यांना 1891 च्या सुमारास, म्हणजे विधवा व मुलींसाठीचे त्यांचे शारदा सदन सुरू होऊन गेल्यावर आली. संस्कृतच्या या विदुषीला शास्त्रार्थ करता येत नव्हता असे नाही. मत पटणे आणि समेट होणे या दोन घटनांत त्यांच्या बाबतीत आठ वर्षांचे अंतर पडले, आणि ते अंतर त्यांनी लपवले नाही, ही गोष्ट धर्मांतराच्या गर्जनांपेक्षा अधिक मोलाची आहे. 1905 मध्ये त्यांच्याच केडगावच्या मुक्ती सदनात मुली रडत रडत आपली पापे उघड कबूल करू लागल्या, त्या जागृतीचे मूळही याच अनुभवात शोधावे लागते.

समेटाला माणसांतली बाजूही आहे आणि ती पुष्कळदा विसरली जाते. वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, असे येशूच्या डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. त्याच्या पुढच्याच वचनात, वादीबरोबर न्यायालयाच्या वाटेवर असतानाच मिटवून घेण्याचा सल्ला आहे. गावठाणातील घराच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ एकाच मिस्सेला, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेला, वेगवेगळ्या बाकांवर बसतात, तेव्हा ही वचने त्यांना उद्देशून असतात.

तरीही सारे अखेरच्या घटकेवर ढकलण्याची सवय जुनी आहे. येशूशेजारी क्रूसावर खिळलेल्या चोराला शेवटच्या क्षणी तारणाचे आश्वासन मिळाले, म्हणून चर्च उशिरा आलेल्याला नाकारत नाही. पण आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराला ‘शेवटचा’ म्हणण्याची प्रथा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये बाजूला सारली आणि तो केवळ मरणोन्मुखांसाठी नसल्याचे स्पष्ट केले. गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी किंवा वार्धक्याने शक्ती खचल्यावर, रुग्ण शुद्धीवर असून स्वतः प्रार्थना करू शकतो अशा वेळी, तो आता मागता येतो. मात्र फादर दारात दिसले की रुग्ण घाबरेल या भीतीने कुटुंबे अजूनही त्यांना उशिराच बोलावतात.