धन्वंतरी महालाचे दप्तर आणि जोडीच्या गोळ्या

1798 ते 1832 या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या ज्या सरफोजी महाराजांनी धन्वंतरी महाल स्थापून देशी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र आणले व रोग्यांच्या नोंदी दप्तरी ठेवविल्या, त्यांच्या नगरीतील मराठी घरांनी, विशेषतः कोलेस्टेरॉलची दोन औषधे एकदम घेणाऱ्यांनी, आपल्या औषधांचे दप्तरही तितकेच चोख ठेवावे.

अशा औषधांच्या जोड्यांत स्टॅटिन आणि जेमफायब्रोझिल ही जोडी सर्वांत घातक. कारण जेमफायब्रोझिल स्टॅटिनचा निचरा रोखते, रक्तात त्याचा संचय होतो, आणि स्नायूंचे तंतू विघटित होऊन त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडेही निकामी करू शकतात. सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन 2001 साली बाजारातून मागे घेतले गेले, ते अशा स्नायू-विघटनाने झालेल्या मृत्यूंमुळे. त्यांतील अनेक रोगी जेमफायब्रोझिलही घेत होते. फेनोफायब्रेटसोबत हा धोका पुष्कळ कमी; एझेटिमाइब तर स्टॅटिनचा बहुधा निरुपद्रवी सोबती. कोलेस्टिरामाइनची भुकटी मात्र आतड्यात स्टॅटिनलाच धरून ठेवते, म्हणून स्टॅटिन तिच्या एक तास आधी किंवा चार तासांनंतर घ्यावे.

अकारण स्नायू दुखू लागले किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर सर्व गोळ्यांची यादी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.