बदनाम नायकाची ओढ



व्याख्यानमालेच्या चालकांची इच्छा होती की आम्ही कंत्राटी कामगारांच्या कायद्यावर बोलावे. पण त्या विषयावर आम्ही वर्षभर द्वारसभांतून बोलतोच, आणि ऐकणारे कंटाळलेले असतात हेही आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आम्ही विषय मागून घेतला तो दूरचित्रवाणीवरच्या ऐतिहासिक मालिकांचा. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा इतिहासाचे पंडित म्हणून आम्ही येथे उभे नाही. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कामगाराला मालिकेत काय दिसते, एवढेच आम्हाला सांगता येईल.

प्रारंभी एक परदेशी उदाहरण घेतो. कोरिया देशात 2003 साली ‘दे जांग गम’ नावाची चौपन्न भागांची मालिका निघाली. ती जगभर गेली, आपल्याकडे दूरदर्शनवर हिंदीतही आली. तिची नायिका राणी नव्हे, राजकन्या नव्हे. ती राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली एक पोरकी मुलगी. राजाला गंधक खाऊ घातलेल्या बदकाचे मांस बाधते, आणि राजद्रोहाचा आळ या मुलीवर आणि तिला शिकविणाऱ्या हानबाईंवर येतो. हद्दपारीच्या वाटेवर हानबाई शिष्येच्या पाठीवरच प्राण सोडतात. मुलगी दूरच्या बेटावर वैद्यकी शिकते, परत येते आणि अखेर राजाची वैद्य होते. जांगगम नावाची वैद्य खरोखर होऊन गेली. सोळाव्या शतकातील दरबारी बखरीत तिचे मोजके उल्लेख आहेत. बाकीचे सारे लेखिकेने रचले. त्या काळी वैद्यकी करणाऱ्या स्त्रिया हलक्या, दास वर्गातून घेत असत. दरबाराने दोन-चार ओळींत आटोपलेली बाई साडेचारशे वर्षांनी घराघरांत पोचली ती कशाच्या बळावर? आमचे उत्तर असे: कामात तरबेज असलेल्या माणसावर खोटा आळ येतो, आणि त्याला तो आपल्या कामानेच पुसावा लागतो, ही गोष्ट कोणत्याही देशातल्या कष्टकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

आता घरच्या मालिकेकडे वळू. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका 24 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झाली आणि 2020 च्या फेब्रुवारीअखेर संपली. डॉ. अमोल कोल्हे संभाजीराजे झाले, प्राजक्ता गायकवाड येसूबाई झाल्या, शंतनू मोघे शिवाजीमहाराज झाले. आमच्या सभासदांत तिने जे वेड लावले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्या पाळीचे लोक चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बघत; डबा उघडा, डोळे पडद्यावर. आमच्या युनियनच्या पत्रकाकडे त्यांनी इतके लक्ष कधी दिले नाही, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.

शिवाजीमहाराजांवरही मालिका निघाल्या. 2008 साली याच कोल्ह्यांनी महाराजांची भूमिका केली होती. लोकांनी त्या मालिका भक्तीने पाहिल्या, पण संभाजीराजांची मालिका लोक भांडत पाहत. हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. महाराज पूज्य आहेत, त्यांची बाजू कोणी मांडावी लागत नाही. संभाजीराजांची बाजू मात्र मांडावी लागली, आणि ती मांडायला मराठी माणसाला फार वेळ लागला.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर राजांना चार्जशीट मिळाली होती. आरोप: व्यसनी, उतावळा, राज्य घालविणारा. हे लिहिले कोणी? मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीचा यात मोठा वाटा. ती बखर राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, आणि लिहिणारा होता बाळाजी आवजी चिटणिसांचा वंशज. बाळाजी आवजींना 1681 साली संभाजीराजांनी देहदंड दिला होता. म्हणजे फिर्यादीच्याच घरातला साक्षीदार! कारखान्यातल्या कोणत्याही चौकशीत आम्ही अशा साक्षीची उलटतपासणी घेतल्याशिवाय राहिलो नसतो. पण नाटककारांनी ती साक्ष मान्य केली आणि रंगभूमीवर वर्षानुवर्षे तोच संभाजी वावरला. गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ त्यातलेच. त्याच नाटकाच्या रागातून 2017 च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडला गेला. आम्हाला ते पटले नाही. चार्जशीट फाडल्याने माणूस निर्दोष ठरत नाही, तिला उत्तर द्यावे लागते. वा. सी. बेंद्रे यांनी 1960 साली चरित्र लिहून आणि कमल गोखले यांनी 1971 साली ‘शिवपुत्र संभाजी’ लिहून ते उत्तर कागदपत्रांनिशी दिले. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने 1979 मध्ये ते वाचकांपर्यंत नेले. मालिकेने ते, वाचनालयाची पायरी कधी न चढलेल्या माणसापर्यंत पोचविले. तिचे खरे श्रेय आम्ही हेच मानतो.

पात्रांत कामगारांना सर्वांत ओळखीचे वाटले ते अण्णाजी दत्तो. तलवार नाही, आरडाओरडा नाही. फक्त वही, हिशेब आणि वरिष्ठांच्या कानाशी लागणे. असा माणूस ज्याने आपल्या खात्यात पाहिला नाही, असा कामगार आम्हाला भेटायचा आहे. आणि हंबीरराव मोहिते! सोयराबाईंचे सख्खे भाऊ. भाचा राजाराम गादीवर बसत असता त्यांनी संभाजीराजांचा पक्ष घेतला. या प्रसंगावर आमच्या कचेरीत दोन तास वाद झाला: नात्याशी इमान मोठे की हक्काशी? सोयराबाईंची बाजू घेणारी एक भगिनीही निघाली. तिचे म्हणणे असे की आईने पोटच्या मुलासाठी धडपडू नये तर काय करावे. मालिकेने सोयराबाईंना निव्वळ खलनायिका न करता माणूस ठेवले, म्हणूनच हा वाद होऊ शकला.

एका बाबतीत मात्र मालिका कचरली, असे आमचे मत आहे. 1678 च्या डिसेंबरात संभाजीराजे दिलेरखानाच्या छावणीत गेले आणि साधारण वर्षभर तेथे राहिले. भूपाळगड पडला तेव्हा ते शत्रूच्या फौजेत होते. मालिकेने हे प्रकरण राजांना डाग लागणार नाही अशा बेताने मांडले. आम्हाला विचाराल तर वाट चुकलेला, पस्तावून परतलेला आणि मग 1689 च्या मार्चात हाल सोसूनही न वाकलेला राजा हा, कधीच न चुकलेल्या राजापेक्षा अधिक मोठा दिसतो. दुसरी उणीव येसूबाईंची. राजांनी ज्यांना ‘श्री सखी राज्ञी जयति’ असा शिक्का दिला, त्या बाई रायगड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेल्या आणि सुटल्या 1719 साली. तीस वर्षे! त्या तीस वर्षांची मालिका अजून कोणी काढलेली नाही.

आता जरा अवघड गोष्ट बोलतो. 2025 च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला. पुढच्या महिन्यात खुलताबादची औरंगजेबाची कबर उखडण्याची मागणी झाली आणि 17 मार्चला नागपुरात दंगल पेटली. खुलताबाद आपल्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर. त्या आठवड्यात एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आम्ही पाहिले की, वीस वर्षे एका यंत्रावर काम केलेली दोन माणसे वेगवेगळ्या टेबलांवर बसली आहेत. एकाचे नाव मुसलमानी, एवढेच कारण. पडद्यावरच्या औरंगजेबाचा हिशेब त्या बिचाऱ्या फिटरकडून कसा काय वसूल व्हावा? ज्या संभाजीराजांच्या नावाने हे चालले, त्यांनी औरंगजेबाच्या बंडखोर मुलाला, शहाजादा अकबराला, 1681 मध्ये आश्रय दिला होता. आणि राजांवर चालून आलेल्या मोगल फौजेत राजपूत होते, मराठे सरदारही होते. आम्ही त्या दोघांच्या मध्ये चहा घेऊन बसलो आणि हीच गोष्ट सांगितली. पहिल्या दिवशी कोणी काही बोलले नाही. चौथ्या दिवशी मुसलमान फिटरनेच विचारले, “मग त्या अकबराचे पुढे काय झाले?” तो इराणला गेला आणि तिकडेच मेला, असे आम्ही सांगितले. दुसरा म्हणाला, “बापाच्या आधीच गेला ना?” त्यालाही ठाऊक होते तर!

शेवटी निर्माते मंडळींकडे आमचे एक मागणे आहे. कोरियाने दासीवर्गातली बाई नायिका केली. आपल्या शहराची वसाहत 1610 मध्ये खडकी या नावाने ज्याने उभी केली तो मलिक अंबर हबशी गुलाम होता, बाजारात एकाहून अधिक वेळा विकला गेलेला. तो निजामशाहीचा वजीर झाला. भातवडीच्या लढाईत, 1624 साली, शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. त्याने डोंगराच्या पोटातले पाणी जमिनीखालून नहरीने शहरात आणले, आणि त्याचीही कबर खुलताबादलाच आहे. त्याच्यावर मालिका निघालीच तर युद्धाचे प्रसंग थोडे कमी ठेवा, पण नहर खणणारे हात जरूर दाखवा. काही भाग जमिनीखाली चित्रित करावे लागतील. नहरीच्या मोऱ्यांत उतरायला आमचे सभासद तयार आहेत, मात्र पाळीचा भत्ता आधी ठरवावा लागेल.