ढेकूण घालवायचे, पण घरच्यांचा जीव सांभाळून



गटाच्या बैठकीत हप्ता, कर्ज, शेळ्या, शिलाई, सगळे विषय निघतात. पण घरात ढेकूण झालेत, हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. लाज वाटते. म्हणून आज तोच विषय घेतलाय.

मुलांच्या शाळेसाठी आपल्यातल्या कितीतरी जणी तालुक्याला बिल्डिंगमध्ये खोली घेऊन राहतात. मुली वसतिगृहातून सुट्टीला घरी येतात. ढेकूण असाच बॅगेतून, अंथरुणातून, जुन्या विकत घेतलेल्या पलंगातून येतो. माणसाचं रक्त हेच त्याचं अन्न, त्यामुळं स्वच्छ घरातही तो होतो. तेव्हा लाज सोडा.

ढेकणामुळं माणसाला रोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. खाज सुटते, झोप मोडते. जिवाला खरा धोका असतो तो त्याच्यासाठी घरात आणलेल्या विषाचा. धान्यात ठेवायच्या गोळ्या कुणी गादीखाली ठेवतं, कुणी पिकावरचं औषध खोलीत फवारतं. बायांनो, हे कधीही करू नका. त्या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की विषारी वायू सुटतो. फटीतून तो शेजारच्या खोलीतही जातो. झोपेत लेकरं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. या विषावर उतारा नाही. असा वायू सुटून कुणाला मळमळ, उलटी, धाप लागली, तर सगळ्यांना उघड्यावर आणा आणि लगेच 108 ला फोन करा. रॉकेलही ओतू नका, आगीची भीती असते.

मग करायचं काय? ढेकणाला उष्णता सोसत नाही. 50 अंशांच्या वर चांगली उष्णता लागली की अंडीसुद्धा मरतात.

पहिलं, शोधा. रात्री बॅटरी घेऊन गादीची शिवण, पलंगाचे सांधे, भिंतीच्या फटी, फोटोंच्या मागची बाजू बघा. काळे ठिपके दिसले की तिथं ढेकूण आहेत असं समजा.

दुसरं, चादरी, उशांचे अभ्रे, कपडे खोलीतच पिशवीत बांधा, मग बाहेर न्या. कडकडीत गरम पाण्यात भिजवून धुवा. बाज किंवा लाकडी पलंग अंगणात किंवा गच्चीवर नेऊन सांध्यांत उकळतं पाणी ओता. तेव्हा लेकरांना लांब ठेवा. विजेच्या बोर्डाजवळ मात्र पाणी नको.

तिसरं, गादी, वाकळ कडक उन्हात टाका. नुसती टाकून भागत नाही, ढेकूण खालच्या गार बाजूला सरकतात. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि दिवसभरात दोन-तीनदा उलटा.

चौथं, फटी बुजवा. पलंग भिंतीपासून हातभर लांब घ्या, चादर जमिनीला टेकू देऊ नका. पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवा.

एकदा करून थांबू नका. मादी रोज काही अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत ती फुटतात. उपाशी ढेकूण कित्येक महिने जगतो, म्हणून खोली बंद ठेवून तो मरत नाही. दर दहा दिवसांनी, निदान तीनदा हेच सगळं करा. पुढं दोन महिने लक्ष ठेवा.

बिल्डिंगमध्ये आणखी एक अडचण असते. भिंत एकच, त्यामुळं तुम्ही घालवले तरी शेजारून परत येतात. तेव्हा शेजारणीला सांगा, मजल्यावरच्या सगळ्या घरांनी एकच दिवस ठरवा. एवढं करूनही नाही गेले, तर परवाना असलेल्या फवारणीवाल्यालाच सगळ्यांनी मिळून बोलवा, खर्च वाटून घ्या. औषध कोणतं, किती वेळ बाहेर राहायचं, दुसरी फवारणी कधी, हे आधीच विचारा. आणि ढेकणांची गादी गल्लीत टाकू नका. कुणीतरी गरजू ती उचलून नेईल आणि त्याच्या घरात हेच सुरू होईल.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं हा विषय काढा. धान्याच्या गोळ्या कुणाच्या घरात कुठं ठेवल्यात, हेही त्याच वेळी विचारा.