मॅन्युअल मोड, पण आयएसओ ऑटो!

इअरफोन लावलेत ना? आज कॅमेऱ्याच्या एका सेटिंगबद्दल बोलायचंय. पण आधी माझी फजिती ऐका.

माझी धाकटी बहीण पुण्यात एका ढोलपथकात होती. दोन महिने रोज संध्याकाळी सराव, बोटांना फोड, त्यावर चिकटपट्टी. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर तिचं पहिलंच वादन. मला म्हणाली, "दादा, माझा एक तरी चांगला फोटो काढ हं." मी नुकताच मॅन्युअल मोड शिकलो होतो. डोक्यात हवा! शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, सगळं स्वतःच ठरवणार.

लक्ष्मी रोडला दोन्ही बाजूंनी इमारती. पथक सावलीत होतं तोवर फोटो झकास. चौकात आलं, थेट ऊन, फोटो पांढरेफटक. मी सेटिंग बदलेपर्यंत पथक परत सावलीत, आता फोटो काळे! वैतागून कॅमेरा फुल ऑटोवर टाकला. अलका चौकाजवळ पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. पथकाचं शेवटचं वादन रंगलं आणि कॅमेऱ्याने परस्पर शटर १/४० सेकंदावर आणलं. टिपरू तर दिसतच नव्हतं, बहिणीचा चेहराही हललेला.

घरी फोटो बघून ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे रे, पुढच्या वर्षी काढ." पुढच्या वर्षी ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली. पुन्हा तिने ढोल कमरेला बांधला नाही.

आता चूक कुठे झाली ते बघू. शटर ठरवतं की हालचाल गोठेल की फरफटेल. अ‍ॅपर्चर ठरवतं की मागचं किती स्पष्ट दिसेल. या दोन्ही गोष्टींनी फोटोचा स्वभावच बदलतो, म्हणून त्या आपल्या हातात हव्यात. आयएसओचं काम मुख्यतः उजेड सांभाळायचं. ते वाढलं की फोटोत दाणे, म्हणजे नॉइज येतो, बस. हे काम कॅमेरा आपल्यापेक्षा कितीतरी भरभर करतो. मग ते त्यालाच द्या ना!

तर डायल 'एम'वर ठेवा. शटर १/५००, अ‍ॅपर्चर एफ/४. आयएसओ ऑटो, आणि मेनूत जाऊन कमाल मर्यादा ६४०० करा. आता दिवसा सावलीत कॅमेरा साधारण ४०० घेईल, रात्री दिव्यांखाली ३२०० किंवा ६४००. तुमचं शटर मात्र हलणार नाही.

तीन ठिकाणी सावध राहा.

एक, ऑटो आयएसओला खालीवर मर्यादा असते. कडक उन्हात एफ/४ आणि १/५०० ठेवलंत तर आयएसओ १०० वर येऊनही फोटो जळतो. तिथे शटर १/२००० करा. रात्री आयएसओ ६४०० वर जाऊन अडकलं आणि तरी फोटो काळा येतोय, तर शटर १/२५० वर आणा.

दोन, कॅमेऱ्याचा मीटर फसतो. फ्रेमभर पांढरे कुर्ते असतील तर तो त्यांना राखाडी करून टाकतो. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन थोडं प्लसमध्ये न्या. मागे काळीकुट्ट रात्र असेल तर मायनसमध्ये. काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल मोडमध्ये हे चालत नाही, म्हणून घरीच तपासून घ्या.

तीन, उजेड बदलतच नसेल, म्हणजे स्टुडिओ किंवा ट्रायपॉडवरचं काम असेल, तर आयएसओ सरळ फिक्स करा. नाहीतर फ्रेम बदलली की उजेडही उगाच कमीजास्त होतो.

कॅमेरा नाहीये? फोनचा प्रो मोड उघडा. बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर बदलत नाही. शटर ठरवा आणि फोन परवानगी देत असेल तर आयएसओ ऑटोवर सोडा.

पुढच्या वर्षी मी त्याच चौकात उभा होतो, दुसऱ्या मुलांचे फोटो काढत. आयएसओ ६४००, भरपूर नॉइज. पण टिपरू हवेत थांबलेलं, चेहऱ्यावरचा घाम दिसतोय. ते फोटो पथकाच्या ग्रुपवर टाकले, नॉइजबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. एका मुलाच्या आईने तर मोठी प्रिंट मागितली.

मंडळी, नॉइज नंतर कमी करता येतो. हललेला चेहरा परत आणता येत नाही. माझ्या बहिणीचा तो फोटो आजही माझ्याकडे नाही. तुमच्या घरात कोणाचं काही पहिलंवहिलं असेल, तर आदल्या दिवशीच हे सेटिंग लावून गल्लीतल्या पोरांवर सराव करा.

चला, भेटू पुढच्या भागात!