घर माझं, गॅलरी माझी, आणि जमीन?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांच्या वतीने केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, दहाच मिनिटं बोला." बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस मी. वेळ आणि हिशोब दोन्ही पाळीन.

१९९८ साली आम्ही गिरगावातल्या चाळीतून डोंबिवलीत आलो. चारशे ऐंशी चौरस फूट जागा आणि माणसं पाच. आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. चाळीतल्या दहा बाय बारापुढे हा महालच वाटला! पण महाल वर्षभरातच भरला. भांड्यांच्या पेट्या माळ्यावर, गाद्या दिवाणात, आणि माझ्या बँकेच्या जुन्या डायऱ्या जागा मिळेल तिथे.

मोठा मुलगा दहावीत गेला, तेव्हा मी फर्मान काढलं की गॅलरी आत घेऊ या, म्हणजे त्याला अभ्यासाला जागा होईल. तेव्हा सगळेच घेत होते. आमच्या सौ. ठाम नाही म्हणाल्या. "घरात उजेड येतो तो तिथूनच. जागा नसेल तर आधी तुमच्या डायऱ्या काढा." डायऱ्या रद्दीत गेल्या. सुताराकडून भिंतीला बिजागरीवर दुमडणारं टेबल करून घेतलं. सकाळी त्यावर अभ्यास, दुपारी भाजी निवडणं, आणि रात्री ते मिटलं की तिथेच आईचं अंथरूण. वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू घरातून बाहेर, हा नियम तेव्हापासून आहे. निवृत्तीनंतर मला तो अजून लागू केलेला नाही, हे त्यांचे उपकार!

गॅलरी वाचली आणि तिथे फुलं आली. पूर्वेची गॅलरी, सकाळी अकरापर्यंत ऊन. सुरुवातीला रंगाचे रिकामे डबे तळाला भोकं पाडून वापरले. पहिल्याच आठवड्यात लाल मातीचं पाणी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी वाळत घातलेल्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर ठिबकलं. पुढे काय झालं ते वहिनीच सांगतील, समोरच बसल्या आहेत. त्या संध्याकाळी मी प्रत्येक डब्याखाली थाळी ठेवली, आणि हिवाळ्यात पहिली शेवंती त्यांच्या घरी पोचवली. आता त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त कुंड्या आहेत.

या फुलांनी मला एक शिकवलं. फूल उमलतं त्या दिवशी आपण बघतो, पण त्याचं काम दोन-तीन महिने आधी झालेलं असतं. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर बी जुलैच्या सुरुवातीला टाकावं लागतं. शेवंतीचे फुटवे पावसाळ्यात लावायचे, शेंडे खुडायचे, म्हणजे झाड पसरतं आणि थंडीत भरभरून फुलतं. स्टेजवरची ही पिवळी शेवंती तशीच आली आहे. मोगऱ्याची छाटणी थंडीतच करावी लागते, तेव्हा कुठे चैत्र-वैशाखात घर दरवळतं. एका वर्षी आईच्या आजारपणात झेंडूचं बी सप्टेंबरात पडलं. फुलं आली, छान आली, पण दसरा होऊन गेला होता.

आता मुद्द्यावर येतो. आज ही गोष्ट सांगण्याचं कारण म्हणजे असाच एक दसरा माझ्या हातून हुकला आहे.

बँकेत मी गृहकर्जं बघायचो. कर्ज मागायला आलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न असायचा, "जमीन कोणाच्या नावावर आहे?" कागद नसेल तर फाईल परत. आणि मी स्वतः ज्या इमारतीत राहतो, तिची जमीन पंचवीस वर्षांनंतरही सोसायटीच्या नावावर नाही! आपल्या प्रत्येकाकडे शेअर सर्टिफिकेट आहे, पन्नास रुपयांचे पाच शेअर. करारनामा आहे. आपण मेंटेनन्स भरतो. पण खालची जमीन कागदोपत्री अजून मूळ मालकाच्या नावावर आहे. १९६३च्या कायद्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण करून द्यायचं असतं. तो देत नसेल तर २००८च्या दुरुस्तीपासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे आपण ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो त्याची, वाट मोकळी आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. बिल्डरची सही लागत नाही.

हे मला माहीत होतं. निवृत्तीनंतर तीन वर्षं मी सेक्रेटरी होतो. त्या काळात गेटचा रंग झाला, पाण्याची टाकी झाली, गणपतीचा मंडप मोठा झाला. कन्व्हेयन्सचा विषय मी प्रत्येक सभेत "पुढच्या सभेत घेऊ" म्हणून ढकलला. खर्चाचं नाव काढलं की चार लोक नाराज होतील, ही भीती. दुसऱ्याच्या फायली परत करणाऱ्याने स्वतःची फाईल उघडलीच नाही. ती चूक माझी आहे, आणि ती आज सगळ्यांसमोर मान्य करतो.

इमारत म्हातारी होते आहे, माझ्यासारखीच. उद्या पुनर्विकासाचा विषय येईल. तेव्हा जमीन नावावर नसेल तर आपण आपल्याच घराबद्दल दुसऱ्याच्या दारात उभे असू. आपल्या चौसष्ट घरांपैकी एकेचाळीस घरांनी करारनामा आणि इंडेक्स टूच्या प्रती दिल्या आहेत. तेवीस बाकी आहेत. नावं घेत नाही, पण त्यातले सात जण आत्ता माझ्याकडे बघत नाहीयेत!

जाता जाता आणखी एक. नॉमिनेशनचा फॉर्म भरला नसेल तर भरा. पण नॉमिनेशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे. नॉमिनीचं नाव लागलं तरी वारसांचा हक्क संपत नाही. माणूस गेल्यावर भावंडांनी माझ्या टेबलासमोर भांडताना मी फार पाहिली आहेत. आपल्या पोरांवर ती वेळ आणू नका.

तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणतात. आजचा उत्साह तसा ठरू नये. येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी ऑफिसात बसणार आहे. कागद घेऊन या, झेरॉक्सचा खर्च माझा. कागद देईल त्याला शेवंतीचा एक फुटवा मिळेल. आत्ता जपा, पावसाळ्यात मोठ्या कुंडीत लावा. पुढच्या हिवाळ्यात तो फुलेल, तोवर आपला अर्जही मार्गी लागलेला असू दे.

दहाची बारा मिनिटं झाली. दोन मिनिटांचं व्याज माफ करावं.